पोरं दोनच दाखवू का?

पत्र जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातून आलं आहे. लिहिणारे चौतीस वर्षांचे, आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केलेले. दहा वर्षं घरांची वायरिंग केली, आता छतावर सोलर बसवण्याची कामं पेटी कंत्राटावर घेतात. २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आल्यापासून कामाला खंड नाही. महिन्याला आठ-नऊ घरं होतात, बहुतेक तीन किलोवॅटची. हाताखाली चार पोरं आहेत, त्यातला एक सख्खा भाचा. ज्या कंपनीकडून काम येतं तिनं नवा करारनामा पाठवला आहे. त्यात डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार भरपाईची) पॉलिसी आणि २५ लाखांची थर्ड पार्टी लायबिलिटी (कामामुळे तिऱ्हाइताचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) मागितली आहे. पॉलिसी नसेल तर पुढच्या महिन्यापासून काम बंद. एका एजंटनं ४६,००० रुपयांचं ‘पॅकेज’ सांगितलं. गाळ्याची आग, चोरी, रोकड, प्रोफेशनल इंडेम्निटी (व्यावसायिक चुकीचा विमा), डब्ल्यूसी आणि थर्ड पार्टी असं सगळं त्यात आहे. एवढे पैसे झेपणार नाहीत म्हटल्यावर तोच म्हणाला, ‘काम घरगुती वायरिंग लिहू, उंचीचं काही लिहायचं नाही, पोरं दोनच दाखवू. फार कमी पैशात बसवून देतो. कंपनीला फक्त कागद पाहिजे.’ पत्रलेखक विचारतात: योग्य भावात विमा कसा मिळवायचा? आणि एजंटचा रस्ता धरला तर बिघडतं काय? पोरं घरचीच आहेत, काही झालं तर मी त्यांना वाऱ्यावर सोडणार नाही.

भाऊ,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

मी एका विमा कंपनीच्या शाखेत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली बरीच क्लेमच्या टेबलावर. एक रंगकामाचा ठेकेदार होता. कष्टाळू माणूस, हिशेबाला चोख. त्याच्या प्रपोजल फॉर्मवर ‘घरांचं आतील रंगकाम’ एवढंच लिहिलेलं होतं. एका शाळेच्या इमारतीला बाहेरून रंग देताना त्याच्या गावचाच एक पोरगा दोरांनी टांगलेल्या झुल्यावरून पडला आणि कमरेखालून अधू झाला. फॉर्म एजंटनं भरला होता, सही ठेकेदाराची होती. क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र मी टाईप केलं. तो समोर बसून म्हणाला, ‘ताई, मी पैसे तर भरले होते ना?’ भरले होते. पण ज्या कामाचे भरले, ते काम त्या दिवशी चाललेलं नव्हतं. पुढच्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, त्याचं अडीच बिघे शेत दुसऱ्याच्या नावावर झालं. तुमचं पत्र वाचताना मला तोच माणूस आठवत राहिला.

विमा कंपनी तुमचं छत बघायला येत नाही. तिला तुमच्या कामाचं जे काही कळतं ते फॉर्मवरून, आणि त्या फॉर्मवरच करार उभा असतो. म्हणून एजंट जे सांगतोय त्याला मी स्वस्त विमा म्हणणार नाही. तुम्ही रोज पत्र्याच्या शेडवर चढणार आणि पॉलिसी जमिनीवर बसून वायर ओढणाऱ्याची असणार, म्हणजे ती पॉलिसी तुमची नाहीच. चौघांऐवजी दोघं दाखवले तर अपघात झाल्यावर पहिला प्रश्न येईल की पडला तो त्या दोघांतला होता का. तुमच्याकडची हजेरी बघतील, फोनवरून केलेले मजुरीचे पैसे बघतील. ते सगळं चौघांचं असेल.

आता ‘पोरं घरचीच आहेत’ या वाक्याकडे वळते. तुमच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण ‘वाऱ्यावर सोडणार नाही’ याचा रुपयांतला अर्थ तुम्ही कधी मांडला नसावा, म्हणून मी मांडते. कामगार भरपाईचा कायदा १९२३ चा होता. तीच चौकट आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. कामावर मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम घ्यायची आणि तिला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. पंचवीस वर्षांच्या पोरासाठी तो आकडा २१६.९१ आहे. रोज ६०० रुपये, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर मजुरी १५,००० होते. निम्मी ७,५००. गुणाकार १६,२६,८२५ रुपये. पोरगा वाचला पण कायमचा पूर्ण अपंग झाला, तर निम्म्याऐवजी साठ टक्के धरतात, म्हणजे साडेएकोणीस लाखांच्या वर. पैसे वेळेत दिले नाहीत तर वर्षाला बारा टक्के व्याज, आणि विनाकारण टाळाटाळ केली असं ठरलं तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. तो दंड विमा कंपनी सहसा भरत नाही.

भाचा असो की परका, तुम्ही मजुरी देता म्हणजे कायद्यानं तुम्ही मालक. भरपाई काम देणाऱ्या मूळ कंपनीकडूनही मागता येते, पण तिनं भरलेले पैसे तुमच्याकडून वसूल करण्याचा हक्क तिला आहे. करारात डब्ल्यूसी मागितली आहे ती म्हणूनच. त्यांना फक्त कागद नको आहे. त्यांना स्वतःचं अंग वाचवायचं आहे, आणि त्यात चुकीचं काही नाही. प्रश्न एवढाच की त्या कागदानं तुमचं अंग वाचतं का.

सोळा लाख घरातून काढून देता येतील, एवढी तुमची शेती-बागायत असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर पोरांना वाऱ्यावर न सोडण्याचा एकच मार्ग तुमच्या हातात आहे: चौघांची खरी मजुरी लिहून घेतलेली डब्ल्यूसी.

आता भावाबद्दल. ४६,००० हा विम्याचा भाव नाही, एका माणसानं सांगितलेला आकडा आहे. तुमच्या कामाला लागणाऱ्या या पॉलिसींचे दर कुठल्या सरकारी तक्त्यात ठरलेले नसतात. आगीच्या आणि इंजिनिअरिंगच्या विम्याचे ठरलेले दरही १ जानेवारी २००७ पासून सुटले. दर ठरवून दिला जातो तो गाडीच्या थर्ड पार्टीचा. बाकी ठिकाणी त्याच कामाला दोन कंपन्या दोन भाव सांगतात, आणि बोलायला जागा असते. म्हणून त्या एजंटकडून आधी प्रत्येक पॉलिसीचा वेगळा प्रीमियम लिहून घ्या. लिहून देत नसेल तर तिथंच उठा.

मग एकेक बघा. हे नुकसान झालं तर मी उठून उभा राहू शकतो का, एवढंच स्वतःला विचारा. ड्रिल चोरीला गेलं, क्रिम्पिंगचं अवजार हरवलं, गाळ्यातून चार-पाच हजारांची रोकड गेली, तर महिनाभर रडाल आणि पुन्हा घ्याल. त्याचा विमा तूर्त सोडा. प्रोफेशनल इंडेम्निटी डॉक्टर, आर्किटेक्ट, डिझाइन करून सही देणारे इंजिनिअर यांच्यासाठी असते. तुम्ही कंपनीनं दिलेल्या नकाशाप्रमाणे बसवता, तुमच्या करारातही ती मागितलेली नाही. सोडा. गाळ्यात तुमचा स्वतःचा माल लाखांनी पडून असेल तरच आगीचा विमा घ्या. पाच कोटींपर्यंतच्या छोट्या धंद्यांसाठी एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही एकसारखी पॉलिसी आहे. आग, पूर, वादळ त्यात येतं. मागताना हे नाव घेऊन मागा.

गाळ्यात ठेवलेले पॅनेल आणि इन्व्हर्टर कंपनीचे असतात ना? मग ते जळाले किंवा फुटले तर कुणाचे, हे करारात बघा. थर्ड पार्टी पॉलिसीत तुमच्या ताब्यातल्या मालाचं नुकसान बहुधा धरत नाहीत. तो माल कंपनीनंच आपल्या पॉलिसीत ठेवावा, असं लेखी मागा. मोठ्या कंपन्या उभारणीच्या कामाची ‘इरेक्शन ऑल रिस्क’ पॉलिसी घेतात, त्यात पेटी कंत्राटदाराचं नाव घालता येतं. हे न विचारल्यामुळे एकाच छताचा विमा दोन-दोनदा भरणारे लोक मी पाहिले आहेत.

थर्ड पार्टीवर मात्र थोडं थांबा, कारण तुमच्या कामात सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. या नावाखाली दोन वेगळ्या पॉलिसी विकल्या जातात. एक १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी कायद्याखालची. ती भोपाळच्या दुर्घटनेनंतर आली आणि घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, तुमच्या कामाची नाही. तुम्हाला हवी ती त्या कायद्याखाली न येणारी, साधी पब्लिक लायबिलिटी किंवा कमर्शियल जनरल लायबिलिटी. शिडी घसरून शेजारच्या गाडीवर पडली, पॅनेल हातातून सुटून खाली उभ्या असलेल्या माणसाला लागलं, तर ती कामाची.

पण ते झालं काम चालू असतानाचं. आपल्याकडचा मे अखेर आणि जूनची सुरुवात आठवा. रावेर-यावलकडे एका वादळात केळीच्या बागाच्या बागा झोपतात. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही बसवलेलं स्ट्रक्चर त्या वाऱ्यात उचललं गेलं आणि गल्लीत कुणाच्या डोक्यात पडलं, तर? नुसत्या पब्लिक लायबिलिटीत ‘काम पूर्ण झाल्यानंतर’चं नुकसान नसू शकतं. त्यासाठी कम्प्लीटेड ऑपरेशन्स हा भाग पॉलिसीत असावा लागतो. कोटेशन मागताना हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. दोन कोटेशनमध्ये चार हजारांचा फरक दिसला तर बऱ्याचदा तो या एका ओळीचा असतो.

२५ लाख म्हणजे एका अपघाताला २५ लाख की वर्षभरातल्या सगळ्या अपघातांना मिळून, हेही करारात नीट बघा. कंपनीला वर्षाचे मिळून चालत असतील तर प्रीमियम कमी होतो. आणखी एक उपाय आहे. प्रत्येक क्लेममधले पहिले काही हजार मी भरतो, असं तुम्ही आपणहून सांगू शकता. फुटलेली काच आणि वाकलेला पत्रा तसाही तुम्ही पदरचाच भरून देणार. ती रक्कम जितकी वाढवाल तितका प्रीमियम खाली येतो. खरी बचत इथं होते, पोरं लपवून होत नाही.

आता बाजारात कसं जायचं ते सांगते. एका कागदावर तुमचं काम लिहून काढा. वर्षाला किती घरं, किती किलोवॅट, सगळ्यात मोठं काम किती रुपयांचं. छतं कुठली, स्लॅब किती आणि पत्रा किती. जास्तीत जास्त उंची किती फूट. पोरं किती, प्रत्येकाची वर्षाची मजुरी किती. सेफ्टी बेल्ट आणि लाइफलाइनचा दोर वापरता का. काम कुठल्या जिल्ह्यांत चालतं. मागच्या पाच वर्षांत अपघात झाला का, झाला असेल तर काय. बेल्ट नसतील तर आधी घ्या. विमा कंपनी विचारणार आहे म्हणून तर घ्याच, पण त्याहून आधी भाच्यासाठी घ्या.

हाच एक कागद तीन ठिकाणी द्या. सरकारी कंपन्यांपैकी एकीच्या जळगाव किंवा धुळ्याच्या शाखेत स्वतः जाऊन द्या. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या त्या चार. एका खासगी कंपनीला द्या. आणि एका परवानाधारक ब्रोकरला द्या. एजंट त्याच्या कंपनीचा माणूस असतो, ब्रोकर कायद्यानं ग्राहकाच्या बाजूचा आणि अनेक कंपन्यांचे भाव आणू शकतो. छोट्या कामाला ब्रोकर टाळाटाळ करतात, हे खरं आहे. म्हणून तुमच्यासारखेच पाच-सहा सोलर फिटर अमळनेर, एरंडोल, पारोळ्यात असतील, त्यांना गाठा आणि एकत्र जा. पॉलिसी प्रत्येकाची वेगळीच निघेल, पण सहा जणांसाठी ब्रोकर फोन उचलतो. ‘माझ्या कमिशनमधले पैसे परत देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाखाली त्याला मनाई आहे.

कोटेशन जुळवताना जीएसटीसकट आकडा घ्या. धंद्याच्या विम्यावर १८ टक्के आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जो माफ झाला तो वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर यातला कुठला कर वळता करता येतो ते तुमच्या सीएला विचारा.

डब्ल्यूसीचा प्रीमियम वर्षाच्या अंदाजी मजुरीवर बसतो आणि वर्षाअखेरी खऱ्या मजुरीप्रमाणे जुळवता येतो. म्हणजे मधेच एखादा पोरगा पुण्याला निघून गेला तर त्याचे पैसे वाया जातील, अशी भीती नको. त्यासाठी हजेरीवही ठेवा आणि उचल असो की मजुरी, शक्यतो खात्यावरच द्या. वैद्यकीय खर्च पॉलिसीत आहे की वेगळा घ्यावा लागेल, हे विचारा. पडल्यावर पहिला खर्च तोच असतो. आणि उंचीची मर्यादा घातलेली आहे का, तेही. एखादी अट बारीक अक्षरात असते, ती वाचून दाखवायला सांगा. वेळ लागला तर लागू द्या.

एवढं करून प्रीमियम समजा वर्षाला २४,००० आला. मी हा आकडा फक्त हिशेबासाठी घेतला आहे. तुमची वर्षाला शंभर घरं होतात, म्हणजे एका घरामागे २४० रुपये. किलोवॅटमागे ८०. अट कंपनीनं घातली आहे, तर दरात ८० रुपये वाढवून मागा. मान खाली घालून मागू नका. जो कंत्राटदार पॉलिसीसह येतो तो त्यांची जोखीम कमी करतो, आणि हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. सगळे ८० नाही मिळाले, ४० मिळाले तरी तुमचा भार निम्मा झाला.

पत्रात एका माणसाचा उल्लेख कुठंच नाही. तो म्हणजे तुम्ही. डब्ल्यूसी मजुरांची असते, मालक तीत येत नाही. चौघांच्या आधी शिडीवर तुम्ही चढता, आणि पाय मोडून तीन महिने घरी बसलात तर चारही घरांची चूल तुमच्याबरोबर थांबते. म्हणून स्वतःची वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, आणि काम बंद असताना आठवड्याला ठरावीक पैसे देणारी घ्या. नुसती मृत्यूची नको. पॅकेजमधली रोकड आणि चोरी काढून जे पैसे वाचतील ते इथं लावा.

त्याशिवाय तुम्ही आणि चारही पोरं, सगळ्यांच्या बँक खात्याला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना जोडा. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, म्हणून मे अखेरीस खातं रिकामं ठेवू नका. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात पोरांची नोंदणी होते का तेही बघा. त्याला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. यातल्या कशानंही डब्ल्यूसीची गरज संपत नाही. पण सोळा लाखांचा निकाल लागेपर्यंत घरात काही तरी येतं.

गाडीचंही सांगून टाकते. पॅनेल नेताना पोरांना छोट्या हत्तीत मागं मालावर बसवत असाल तर ते बंद करा. धुळे-जळगाव हायवेवर हे रोज दिसतं आणि माझ्या पोटात गोळा येतो. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत मागं बसलेल्यांना संरक्षण असेलच असं नाही.

देव न करो, पण अपघात झालाच तर आधी दवाखाना, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला फोन आणि मेल. छताचे, शिडीचे, बेल्टचे फोटो काढा. दवाखान्यात ‘कामावर पडला’ हेच सांगा. मग गावात बैठक बसेल. चार मोठी माणसं म्हणतील, पाच लाखांवर मिटवून टाका, स्टॅम्पवर लिहून द्या. त्यांचा हेतू चांगला असतो. पण विमा कंपनीला न विचारता तुम्ही कबूल केलेली रक्कम ती भरत नाही, आणि पोराचा कायदेशीर हक्क त्याहून कितीतरी जास्त असू शकतो. दवाखान्याचा खर्च खुशाल करा, आकड्यावर सही करू नका.

पॉलिसी घेऊनही क्लेम अडला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. तिथं नाही झालं तर जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी पुण्याचा विमा लोकपाल आहे. एका मालकाचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांची तक्रार तो घेतो, त्याला फी नाही आणि वकील लागत नाही.

महिना संपायला दिवस थोडे आहेत, म्हणून क्रम सांगते. उद्या तो कागद लिहा. परवा जळगावला जा. काम देणाऱ्या कंपनीला मेल करा की कोटेशन घेतोय, पंधरा दिवस द्या. बहुतेक देतील. प्रीमियम एजंटच्या फोनवर पाठवू नका, विमा कंपनीच्या नावानंच भरा आणि पावती घ्या. पैसे कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. तोवर पत्र्याच्या शेडचं काम पुढं ढकला, स्लॅबची घरं आधी घ्या.

फॉर्म घरी आणा आणि रात्री निवांत स्वतःच्या हातानं भरा. कामाच्या रकान्यात छतावर सोलर बसवणे, उंची फुटांत. मजुरांच्या रकान्यात चार. सही करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.